दुसऱ्यांच्या स्वरांचा विश्वस्त

१८७९ च्या उन्हाळ्यात, पूरग्रस्तांच्या साहाय्यार्थ आपल्या 'रेक्विएम'चे संचालन करण्यासाठी ज्युझेप्पे व्हेर्दी मिलान शहरी आला असता, त्याचा प्रकाशक ज्युलिओ रिकोर्दी याने एका स्नेहभोजनाच्या प्रसंगी बोलण्याचा ओघ मोठ्या खुबीने शेक्सपिअरकडे आणि शेक्सपिअरवरून 'ऑथेल्लो'कडे वळविला. व्हेर्दीचे वय त्या वेळी पासष्ट होते. 'आइदा'नंतर त्याने रंगभूमीसाठी एकही नवी कृती हाती घेतली नव्हती, आणि आपल्या शेतीवाडीत रमून गेलेला हा वृद्ध संगीतकार पुन्हा ऑपेरा लिहील ही आशा बहुतेकांनी सोडून दिलेली होती. दुसऱ्याच दिवशी एकोणचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आपल्या एका कविमित्रास बरोबर घेऊन व्हेर्दीच्या मुक्कामी हजर झाला. तीन दिवसांनी त्या कवीने 'ओतेल्लो'च्या संहितेचा आराखडा व्हेर्दीपुढे ठेवला. आणि सुमारे साडेसात वर्षांनी, ५ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री, इटलीतील शोकान्त संगीत-नाट्याचे जे परमोच्च शिखर मानले जाते ते मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात प्रकट झाले. कवी होता अरीगो बोइतो. त्याला व्हेर्दीकडे नेणारा, आणि साडेसात वर्षांनंतर त्या रात्री वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभा राहणारा मनुष्य एकच होता, आणि त्याचे नाव फ्रांको फाच्चो.

व्हेर्दीच्या चरित्रांतून फाच्चोचा उल्लेख दहा ठिकाणी येतो आणि दहाही ठिकाणी तो एखाद्या ओळीत आटोपतो. ज्याने लिहिले त्याचे हस्तलिखित उरते, ज्याने गायिले त्याच्या आठवणी श्रोते पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहतात. परंतु ज्याने शंभर वादकांचे आणि दोनशे कंठांचे ऐक्य साधून दिले त्याचे कर्तृत्व त्या रात्रीच्या दिव्यांबरोबर मालवते. ध्वनिमुद्रणाची कला मिलानच्या रंगमंदिरात पोचण्यापूर्वीच फाच्चो निवर्तला, त्यामुळे त्याच्या संचालनाचा एक निमिषभराचाही पुरावा आपल्यापाशी नाही. पण त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी आहे की, जिच्यामुळे हे चरित्र मला नेहमीच अंतःकरणास भिडणारे वाटत आले आहे: हा मनुष्य मुळात संचालक व्हावयास निघालाच नव्हता. तो संगीतकार होता. किंबहुना इटालियन ऑपेरा नव्याने घडविणारा संगीतकार हाच होणार, असे भाकीत त्याच्या तारुण्यात मिलानमधील पुष्कळ जाणत्यांनी केलेले होते.

फ्रांको फाच्चोचा जन्म ८ मार्च १८४० रोजी व्हेरोना येथे झाला. त्या काळी व्हेरोना इटलीचे नव्हते, कारण इटली नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. लोम्बार्दी आणि व्हेनेतो या दोन्ही प्रांतांवर ऑस्ट्रियाचा अंमल होता, आणि मान्तुआ, पेस्किएरा व लेन्यागो यांच्यासह व्हेरोना हा ऑस्ट्रियन सत्तेच्या सुप्रसिद्ध दुर्गचतुष्टयातील एक दुर्ग होता. १८५५ मध्ये, पंधराव्या वर्षी, फाच्चो मिलानच्या संगीत-विद्यालयात दाखल झाला आणि रोन्केत्ती-मोन्तेविती या गुरूपाशी रचनाशास्त्राचे अध्ययन करू लागला. तेथेच त्याला बोइतो भेटला. बोइतो त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पादुआचा, इटालियन पित्याचा आणि पोलिश उमराव घराण्यातील मातेचा पुत्र. अनेक भाषांत प्रवीण, तल्लख आणि काहीसा उद्धट. फाच्चो त्या मानाने ऋजू आणि मितभाषी. अशा दोन भिन्न प्रकृतींची जी मैत्री त्या विद्यालयात जडली ती दोघांपैकी एकाच्या मृत्यूपर्यंत कशी टिकून राहिली हे पुढे येईलच.

दोघांनी मिळून विद्यार्थिदशेतच दोन रचना सिद्ध केल्या. पहिली १८६० ची 'चार जून' ही होय. ४ जून १८५९ या दिवशी माजेंता येथे ऑस्ट्रियन फौजेचा पराभव होऊन लोम्बार्दी मुक्त झाली, त्या दिवसाचे स्मरण तीत केलेले होते. दुसरी १८६१ ची 'इटलीच्या भगिनी'. स्वातंत्र्यासाठी तळमळणाऱ्या अन्य राष्ट्रांविषयीची सहानुभूती हा तिचा विषय. शब्द बोइतोचे, आणि संगीत दोघांचे वाटून घेतलेले. नुकत्याच जन्मास आलेल्या राष्ट्राच्या सरकारला या दोन तरुणांत आपले प्रतिबिंब दिसले असल्यास नवल नाही. त्यांस परदेशपर्यटनासाठी सरकारी तनखा मंजूर झाला आणि १८६२ मध्ये दोघे पॅरिसला गेले. तेथे वृद्ध रॉसिनीने त्यांचे स्वागत केले, आणि तेथेच त्यांची व्हेर्दीशी गाठ पडली. लंडनच्या प्रदर्शनासाठी व्हेर्दीला एक राष्ट्रस्तोत्र रचावयाचे होते आणि त्याचे शब्द वीस वर्षांच्या बोइतोने लिहून दिले. आरंभ असा शुभ होता.

मिलानला परतल्यावर हे दोघे 'स्कापिल्यातुरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण लेखक-कलावंतांच्या मंडळीत सामील झाले. विस्कटलेल्या केसांचा, रूढ मार्ग झुगारणारा मनुष्य असा काहीसा भाव त्या शब्दात आहे. इटालियन ऑपेरा साच्यात अडकून पडला आहे, ठराविक पदे, ठराविक आवर्तने आणि टाळ्यांसाठी घातलेल्या ठराविक जागा यांपलीकडे तो जातच नाही, जर्मन वाद्यसंगीताची गंभीर परंपरा त्याने आत्मसात केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. या मताचा पहिला प्रयोग म्हणून फाच्चोचा 'फ्लेमिश निर्वासित' हा ऑपेरा, कवी एमिलिओ प्रागा याच्या संहितेसह, ११ नोव्हेंबर १८६३ रोजी ला स्कालामध्ये सादर झाला. यश मध्यम होते. परंतु त्यानिमित्त मित्रांनी जी मेजवानी दिली तीत बोइतोने स्वरचित काव्य म्हणून दाखविले, आणि इटालियन कलेची वेदी मलिन झालेली असून तिचे शुद्धीकरण करणारा पुरुष आता अवतरला आहे अशा आशयाचे उद्गार त्यात काढले. हे काव्य वृत्तपत्रात छापून आले, आणि ते व्हेर्दीच्या वाचनात आले. त्याने हा प्रहार आपल्यावरच आहे असे मानले. मी जर ती वेदी मळविली असेन तर या मुलांनी ती खुशाल स्वच्छ करावी, पहिली मेणबत्ती लावावयास मी येईन, अशा अर्थाचे कडवट शब्द त्याने रिकोर्दींना लिहिलेल्या पत्रात आहेत. काव्य बोइतोचे होते, ज्याची स्तुती झाली तो फाच्चो होता, आणि दुखावला गेला तो इटलीचा सर्वांत थोर संगीतकार होता. काऊंटेस क्लारा माफेई या विदुषीच्या दिवाणखान्यात व्हेर्दीचे मित्र आणि हे दोघे तरुण एकत्र जमत असत, आणि हा बेबनाव मिटावा म्हणून तिने पुष्कळ खटपटही केली. परंतु व्हेर्दीच्या मनातील बोइतोविषयीची अढी जावयास पंधरा वर्षे लागली.

याच काळात दोघे मित्र आपल्या सर्वांत मोठ्या कामात गढलेले होते. शेक्सपिअरचे 'हॅम्लेट', जे पुढे आगरकरांच्या 'विकारविलसिता'ने मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले, ते ऑपेराच्या रूपात आणावयाचे त्यांनी ठरविले. हे धाडस किती मोठे होते याची कल्पना येण्यासाठी एवढे ध्यानात घेतले पाहिजे की, ऑपेरा हा आद्यन्त गायिला जातो. आपल्या संगीत नाटकाप्रमाणे पदे गायची आणि मधले संवाद गद्यात बोलायचे ही सोय त्यात नसते. ज्या नाटकाचा नायक चार अंक केवळ विचार करतो, त्याचा विचार गायिला कसा जावा? बोइतोने मूळ नाटक कठोरपणे छाटून चार अंकांची संहिता तयार केली, आणि प्रसंगाप्रसंगाला वृत्ते बदलून फाच्चोस नेहमीच्या साच्यातील पदे रचणे अशक्य करून सोडले. राज्याभिषेकाच्या मेजवानीचा जल्लोष, तटावरील पिशाच्चदर्शन, जगावे की मरावे हे स्वगत, नाटकातील नाटक, ऑफेलियाचे उन्मादगीत, थडगी खणणाऱ्यांचा प्रवेश, आणि ऑफेलियाची अंत्ययात्रा, या सर्वांस फाच्चोने संगीत दिले. 'आम्लेतो'चा पहिला प्रयोग ३० मे १८६५ रोजी जेनोआच्या कार्लो फेलिचे रंगमंदिरात झाला. नायकाची भूमिका मारिओ तिबेरिनी या टेनर गायकाची, ऑफेलिया त्याची पत्नी, आणि वाद्यवृंदाची सूत्रे आंजेलो मारियानीच्या हाती. श्रोत्यांत मतभेद झाले, चालींचा गोडवा कमी पडतो असे काहींनी म्हटले. परंतु ऑफेलियाच्या अंत्ययात्रेच्या संगीताने मात्र सर्वांसच जिंकले. पंचविसाव्या वर्षी फाच्चोला याहून अधिक काय हवे होते?

पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले, आणि फाच्चो व बोइतो, दोघेही, गारिबाल्दीच्या स्वयंसेवक फौजेत भरती झाले. फाच्चोची जन्मभूमी व्हेरोना तोपर्यंत परकीयांच्या ताब्यात होती. त्या युद्धाच्या अखेरीस झालेल्या तहाने ती इटलीस मिळाली. या मोहिमेतून परतल्यावर चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला, आणि फाच्चोने एका ऑपेरा-मंडळीबरोबर उत्तर युरोपात संचालकाची नोकरी पत्करली. १८६८ मध्ये मिलानच्या संगीत-विद्यालयात अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि पुढल्या वर्षी ला स्कालामध्ये तेर्झियानी या संचालकाच्या हाताखाली साहाय्यकाची जागा मिळाली. त्याच १८६८ च्या ५ मार्चला बोइतोचा 'मेफिस्तोफेले' ला स्कालामध्ये सादर झाला होता. बोइतोने स्वतः संचालन केले, प्रयोग सुमारे सहा तास लांबला, आणि प्रेक्षागारात असा काही गोंधळ माजला की, पुढे तो दोन रात्रींत विभागून करून पाहिल्यावरही अखेर बंद करावा लागला.

आता पाळी फाच्चोची होती. १८७१ च्या फेब्रुवारीत ला स्कालाने 'आम्लेतो' रंगभूमीवर आणला. जेनोआत गाजलेला तिबेरिनीच नायक होता. पण तो आजारी पडला, प्रयोग पुढे ढकलावा लागला, आणि अखेर ज्या रात्री पडदा उघडला त्या रात्री त्याचा आवाज बसलेलाच होता. ज्या कृतीचा सारा भार एका पात्राच्या कंठावर आहे त्या कृतीत तो कंठच मूक झाल्यावर काय उरणार? प्रयोग धुळीस मिळाला. फाच्चोने आपली कृती मागे घेतली, तिचा प्रयोग पुन्हा कोणत्याही रंगमंदिरात होऊ दिला नाही, आणि त्यानंतर जन्मात दुसरा ऑपेरा लिहिला नाही.

एका रात्रीच्या अपयशाने मनुष्याने आपली उमेद कायमची आवरून घ्यावी काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. बोइतोने तसे केले नाही. त्याने 'मेफिस्तोफेले' पुन्हा लिहून काढला आणि १८७५ मध्ये बोलोन्या येथे तो जिंकून दाखविला. फाच्चोने तसे का केले नाही, याचे माझ्या मते कारण हे की, त्याच १८७१ मध्ये तो ला स्कालाचा मुख्य संचालक झाला, आणि दुसऱ्याच्या कृतीचे मर्म ओळखून ते शेकडो माणसांकडून प्रकट करवून घेण्याची जी विलक्षण शक्ती आपल्या ठायी आहे, ती स्वतःच्या निर्मितीपेक्षा अधिक खरी आहे असा निर्वाळा त्याने मनाशी देऊन टाकला असावा. त्याच्या पुढील अठरा वर्षांच्या कारकिर्दीत या त्यागाची खंत कोठे डोकावत नाही. परिश्रम मात्र पावलोपावली दिसतात.

हे पद तेव्हा इटलीत किती नवीन होते तेही येथे सांगणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इटालियन रंगमंदिरांत संचालनाचा अधिकार द्विभागलेला असे. एक 'मास्त्रो कोन्चेर्तातोरे', तो पियानोपाशी बसून गायकांकडून तालीम करून घेई. आणि दुसरा वाद्यवृंदातील पहिला व्हायोलिनवादक, तो प्रयोगाच्या वेळी स्वतः वाजविता वाजविता गजाने खुणा करी. गायक एका दिशेने आणि वादक दुसऱ्या दिशेने चालले असता दोघांस जाब विचारणारा कोणीच नसे. हे दोन्ही अधिकार एका हाती आणणाऱ्यांत मारियानी हा अग्रणी. आणि मारियानीने ज्याचा पाया घातला ती संस्था फाच्चोने ला स्कालामध्ये पूर्णत्वास नेली. आता एकच मनुष्य, हाती केवळ एक काठी घेऊन आणि समोर संपूर्ण स्वरलेख ठेवून, गायकाच्या श्वासापासून ढोलाच्या ठोक्यापर्यंत सर्व गोष्टींस उत्तरदायी झाला. याच सुमारास व्हेर्दीनेही आग्रह धरला की, वाद्यवृंदाची आसनव्यवस्था बदलावी, आणि इकडेतिकडे विखुरलेली तंतुवाद्ये एकत्र बसवून त्यांचा नाद एकजीव करावा. वरकरणी ही बाब कारखान्यातील मांडणीसारखी क्षुल्लक वाटेल, परंतु 'आइदा'चे वा 'ओतेल्लो'चे संगीत अशा शिस्तीवाचून उभेच राहू शकले नसते.

'आइदा'चा पहिला प्रयोग कैरो येथे २४ डिसेंबर १८७१ रोजी बोत्तेसिनीच्या संचालनाखाली झाला खरा, पण व्हेर्दी स्वतः त्यास गेला नव्हता. त्याचे सारे लक्ष ८ फेब्रुवारी १८७२ च्या मिलानमधील प्रयोगाकडे लागलेले होते, आणि त्या प्रयोगाचा संचालक होता फाच्चो. आठ वर्षांपूर्वी ज्याच्या गौरवार्थ उच्चारलेल्या शब्दांनी व्हेर्दीचे मन दुखावले होते, त्याच तरुणाच्या हाती व्हेर्दीने आपली नवी कृती सोपविली. तालमी व्हेर्दीने जातीने करून घेतल्या. फाच्चोने वाद न घालता, तोंडपुजेपणाही न करता, केवळ कामाने त्याचा विश्वास संपादन केला. १८७४ मध्ये 'रेक्विएम' सादर झाला तेव्हा सान मार्को देवालयातील पहिले आणि ला स्कालामधील दुसरे संचालन व्हेर्दीने स्वतः केले, आणि लागलीच छडी फाच्चोच्या हाती दिली. १८८० मध्ये व्हेर्दीची 'पातेर नोस्तेर' आणि 'आवे मारिया' ही स्तोत्रे, १८८१ मध्ये 'सिमोन बोक्कानेग्रा'चे नवे रूप, १८८४ मध्ये 'दोन कार्लो'चे चार अंकी रूप, ही सर्व प्रथम फाच्चोच्याच छडीखाली लोकांपुढे आली.

ला स्कालाच्या दप्तरात त्या अठरा वर्षांची जी नोंद आहे ती चाळली असता असे दिसते की, इटालियन ऑपेराचा त्या पिढीतील जवळजवळ सगळा नवा प्रवाह या एका माणसाच्या हाताखालून वाहत गेला: ब्राझीलहून आलेल्या गोमेसचा 'फोस्का', पोन्किएल्लीचा 'ला जोकोन्दा', कातालानीच्या कृती, आणि पुच्चिनी. विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पुच्चिनीची वाद्यरचना १४ जुलै १८८३ रोजी विद्यार्थी-वादकांकडून फाच्चोने सादर करविली, आणि त्या एका संध्याकाळने त्या अनोळखी तरुणाचे नाव मिलानमध्ये झाले. पुढे १८८९ मध्ये त्याच्या 'एदगार'चे संचालनही फाच्चोने केले. २० मार्च १८७३ रोजी त्याने वाग्नरचा 'लोहेनग्रिन' ला स्कालामध्ये आणला, तेव्हा वाग्नरचे पुरस्कर्ते आणि विरोधक यांच्यात प्रेक्षागारात अक्षरशः रणधुमाळी माजली आणि सात प्रयोगांनंतर तो थांबवावा लागला. त्या कोलाहलात ज्याने छडी खाली ठेवली नाही त्याच्या मनोधैर्याची तारीफ करावी तेवढी थोडी. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी ला स्कालाचा वाद्यवृंद घेऊन तो तेथे गेला, आणि इटलीत केवळ गळा आहे, वाद्यवृंद नाही, असा जो समज युरोपात रूढ होता त्यास त्रोकादेरोमधील मैफलींनी परस्पर उत्तर मिळाले. दुसऱ्या वर्षी त्याच वादकांची 'सोसिएता ओर्केस्त्राले' ही संस्था स्थापन झाली व फाच्चो तिचा पहिला संचालक झाला. ऑपेराच्या देशात निव्वळ वाद्यसंगीत ऐकण्याची सवय लोकांस लावण्याचे जे काम त्याने तारुण्यात भाषणे देऊन करावयाचे योजिले होते, ते आता विनाभाषण होत होते.

'ओतेल्लो'च्या तालमी १८८७ च्या जानेवारीत बंद दारांआड चालल्या. ओतेल्लो तामान्यो, इयागो मोरेल, आणि देस्देमोना रोमिल्दा पान्तालेओनी. या गायिकेशी फाच्चोचा अनेक वर्षांचा प्रेमसंबंध होता. तिच्या गळ्याविषयी व्हेर्दीच्या मनात शंका होत्या, आणि ती भूमिका फाच्चोने तिच्याकडून मोठ्या चिकाटीने बसवून घेतली. वाद्यवृंदात चेल्लो वाजविणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्या अंकाच्या शेवटी प्रणयप्रसंगाच्या आरंभास चार चेल्लोंची जी अतिकोमल जागा आहे, ती तो इतकी हळू वाजवी की, व्हेर्दीने येऊन त्याला अधिक मोठ्याने वाजविण्यास सांगितले. हा मुलगा म्हणजे आर्तुरो टोस्कानिनी, आणि ही हकीकत तो पुढे आयुष्यभर सांगत असे. छडीच्या सामर्थ्याने पुढील अर्धशतक गाजविणारा संचालक त्या रात्री फाच्चोच्या छडीकडे पाहत बसलेला होता, या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते. प्रयोग संपल्यावर लोकांनी व्हेर्दीच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली. दोन वर्षांनी, जुलै १८८९ मध्ये, फाच्चोने ला स्कालाच्या वाद्यवृंदासह लंडनच्या लायसियम रंगमंदिरात हीच कृती सादर केली. शेक्सपिअरच्या देशात शेक्सपिअर नेऊन दाखविण्याचा जो मान त्याला 'आम्लेतो'ने मिळाला नाही, तो मित्राच्या शब्दांनी आणि व्हेर्दीच्या स्वरांनी मिळाला.

लंडनहून तो परतला तेव्हा व्याधीने त्याच्या शरीरात आधीच घर केलेले होते. उपदंशातून उद्भवणारा आणि मेंदूचा क्रमशः नाश करणारा तो पक्षाघाताचा विकार; त्या काळी त्यावर औषध नव्हते. २६ डिसेंबर १८८९ रोजी, ला स्कालाच्या हंगामाच्या पहिल्या रात्री, त्याने वाग्नरच्या 'मायस्तरसिंगर'चे संचालन केले. ज्या वाग्नरला मिलानने सोळा वर्षांपूर्वी हाकलून लावले होते त्याच्याच कृतीने फाच्चोने आपल्या कारकिर्दीचा शेवट करावा, यात त्याची तरुणपणीची निष्ठा दिसते. परंतु स्मृती आणि बुद्धी यांवरील त्याचा ताबा त्या महिन्यांत सुटू लागला होता, हे त्याच्या जवळच्या माणसांच्या ध्यानात येऊन चुकले होते.

बोत्तेसिनीच्या निधनाने पार्मा येथील संगीत-विद्यालयाच्या संचालकाची जागा रिकामी झालेली होती, आणि फाच्चोस निश्चित वेतन व विसावा मिळावा या हेतूने व्हेर्दीने त्या पदासाठी त्याचे नाव सुचविले. नेमणूक झाली, पण ती जागा सांभाळण्याची शक्ती फाच्चोत राहिलेली नव्हती. तेव्हा बोइतो पुढे झाला. त्याने मित्राच्या पदाचा भार मानद म्हणून स्वतःकडे घेतला, एवढ्यासाठी की, फाच्चोचे वेतन बंद पडू नये. व्हेर्दीसाठी लिहावयाची 'फाल्स्ताफ'ची संहिता या वेळी त्याच्या हातात होती, स्वतःचा 'नेरोने' वर्षानुवर्षे अपुरा पडलेला होता, आणि तरीही तो पार्माला जाई, कागदपत्रे पाही, विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐके. १८९० मध्ये तो फाच्चोला ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे क्राफ्ट-एबिंग या नामांकित मानसरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेला. त्या वैद्याने आशेला जागा ठेवली नाही. व्हेर्दी आणि बोइतो यांच्या त्या वर्षीच्या पत्रव्यवहारात 'फाल्स्ताफ'च्या विनोदी प्रवेशांची चर्चा आणि फाच्चोच्या प्रकृतीची वार्ता यांची पाने एकमेकांस लागून येतात, आणि ती वाचताना मन भरून येते. २१ जुलै १८९१ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मिलानजवळच्या मोंझा येथील मनोरुग्णालयात फाच्चोचा अंत झाला.

'आम्लेतो'चे हस्तलिखित रिकोर्दींच्या मिलानमधील संग्रहात पडून राहिले. या शतकाच्या आरंभी अँथनी बारेस या अमेरिकन संचालकाने त्याची कसून तपासणी करून स्वरलेख नव्याने सिद्ध केला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील आल्बुकर्क येथे, फाच्चोने तो मिटून ठेवल्यानंतर एकशे त्रेचाळीस वर्षांनी, 'आम्लेतो' पुन्हा रंगभूमीवर आला. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झ महोत्सवात आणि २०२३ मध्ये फाच्चोच्या जन्मगावी, व्हेरोनामध्ये, त्याचे प्रयोग झाले. या पुनरुज्जीवनाने संगीताच्या इतिहासकारांस आनंद व्हावा हे योग्यच आहे. पण त्या कृतीचा एक अंश त्याआधीही मूक झालेला नव्हता.

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कॉर्फू नावाचे बेट आहे. व्हेनिसच्या दीर्घ अमलामुळे इटालियन संगीत तेथील लोकांच्या अंगवळणी पडले, आणि १८४० साली, म्हणजे फाच्चोच्या जन्मवर्षीच, तेथे फिलार्मोनिक ही वादकसंस्था स्थापन झाली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी त्या गावी संत स्पिरिदोन याच्या पार्थिव देहाची मिरवणूक निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोक उभे असतात, खिडक्यांवर लाल वस्त्रे सोडलेली असतात, आणि पालखीच्या पुढेमागे गणवेष घातलेले वादक अगदी सावकाश पावले टाकीत ऑफेलियाच्या अंत्ययात्रेचे तेच संगीत वाजवीत जातात. रचनाकाराचे नाव तेथील पोराटोरांस ठाऊक असेलच असे नाही. परंतु ती चाल सगळ्यांना येते, आणि ते तिला 'आम्लेतोस' असे म्हणतात.